काखडीचं पडीक शेत

तुम्ही गोवर्धनात पोचता तेव्हा वैशाख तापलेला आहे. गोदावरीचं पाणी खडकांच्या फटीफटींतून वाट काढतंय. आग्नेयेला त्रिरश्मीचा, म्हणजे आजच्या पांडवलेणीचा, डोंगर दिसतो. नाशिकहून गंगापूर धरणाकडे जाताना ज्या गोवर्धन गावापाशी तुम्ही एरवी क्वचितच थांबता, ते इथं सबंध आहाराचं, म्हणजे जिल्ह्याचं, मुख्य ठाणं आहे. साल ४२. हा आकडा शकाचा मानला तर इसवी सन १२०. राज्य क्षहरात घराण्यातल्या नहपानाचं.

कमरेच्या थैलीतलं एक नाणं काढून बघा. लहानसं, चांदीचं. एका बाजूला राजाचा चेहरा आणि कडेनं ग्रीक अक्षरं. उलटून पाहिलं की बाण, वज्र आणि त्यांच्याभोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. एवढ्याशा चकतीवर तीन लिप्या. ज्याला फक्त आपल्या हद्दीतच देवघेव करायची आहे असा राजा असं नाणं पाडत नाही.

निगमसभा भरली आहे. मागच्या बाजूला जागा करून बसा. पुढं विणकरांच्या दोन श्रेणींचे प्रमुख बसलेत. राजाचा जावई उषवदात, दीनिकाचा मुलगा, याच्या नावानं घोषणा होते आहे: त्रिरश्मीवर त्यानं लेणं कोरवलं, ते भिक्षुसंघाला दिलं आणि त्यासोबत ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. मुद्दल कधीच परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातले २,००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक या दरानं. उरलेले १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण दरानं.

हिशेब मनातल्या मनात करून बघा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला २४०. लेण्यात वर्षावासाला राहणारे भिक्षू वीस, आणि प्रत्येकाच्या चीवरासाठी बारा कार्षापण. बरोबर जुळतं. हजारावर वर्षाला नव्वद, ते भिक्षूंच्या किरकोळ खर्चासाठी. मग ही सारी नोंद फलकावर लिहिली जाते, रिवाजाप्रमाणे सभेत वाचली जाते आणि शेवटी लेण्याच्या भिंतीवर कोरली जाते. पांडवलेणीच्या दहाव्या लेण्यात ती अजून आहे. पायऱ्या चढून धाप लागली तरी तिथं जाऊन ती अक्षरं पाहण्यासारखी आहेत.

माझ्या मते नाशिकच्या आर्थिक इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा मजकूर आहे, आणि आपण तो फक्त दानलेख म्हणून वाचत आलो. दान संघाला मिळालं हे खरं. पण चांदी गेली कुठं? विहार, कोठार, राजवाडा, यांपैकी कुठंच नाही. ती गेली विणकरांच्या हातात, कायमची. त्यांनी ती सुतात घातली, मागात घातली, माल वाहणाऱ्या बैलांच्या पाठीवर घातली, म्हणून तर ते वर्षाला नऊ ते बारा टक्के व्याज देऊ शकत होते. राजघराण्यातला माणूस गावातल्या कारागिरांच्या संघटनेवर एवढा भरवसा टाकतो की मुद्दल बुडेल ही भीतीच त्याला वाटत नाही. आणि तो भरवसा चारचौघांत वाचून, फलकावर लिहून, दगडात कोरून पक्का करतो.

सभा उठली की कापडाच्या गाठोड्यांबरोबर तुम्हीही निघा. बैलांचा तांडा पश्चिमेला वळतो. इगतपुरीच्या पुढं डोंगर एकाएकी संपतो आणि खाली कोकण पसरलेलं दिसतं. हाच थळघाट. याच खिंडीतून पुढं मुंबई-आग्रा रस्ता जाईल आणि आगगाडीही. नाशिकला जे काही व्यापाराचं वैभव मिळालं ते या एका उताराच्या माथ्यावर बसल्यामुळं मिळालं. पठारावरचा कापूस, कापड, धान्य इथूनच समुद्राला भेटतं.

खाली शूर्पारक, आपलं सोपारा. उत्तरेला भरुकच्छ, म्हणजे भडोच. वाटेत मुक्काम कराल तिथं चौसोपी धर्मशाळा आहे, विहीर आहे, तळं आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या चारही ठिकाणी उषवदातानं त्या बांधल्या आहेत. किनाऱ्यानं उत्तरेला जाताना नद्या आडव्या येतात, तर तिथं नावा उभ्या आहेत आणि उतराई मागायला कुणी हात पुढं करत नाही. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका. सहा नद्यांवर फुकट नावा, आणि दोन्ही तीरांवर बसायला सभा, प्यायला पाणी. नावेत बसल्यावर तुम्हाला कळतं की हे पुण्यकर्म आहेच, पण व्यापाराचा खर्च कमी करण्याचीही ही एक फार हुशार रीत आहे. माल कुणाचा, किती, कुठल्या गावचा, हे कुणी विचारत नाही. वाट सगळ्यांसाठीच स्वस्त झाली आहे.

भडोचच्या बंदरात यवनांची गलबतं आहेत. तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच आणि मद्य उतरतंय. इटलीच्या मद्याला इथं विशेष मागणी आहे. (ज्या नाशिकच्या मातीत पुढं वाइनच्या द्राक्षांचे मळे उभे राहतील, तिथला माणूस ही पिंपं उतरताना पाहतोय. अशा गोष्टी इतिहास किती सहज करून जातो.) जाताना तीच गलबतं पैठणकडून आलेले अकीक आणि सगळ्या जातींचं सुती कापड भरून घेतात.

पण सगळंच खुलं नाही. एक ग्रीक गलबत चुकून कल्याणला लागतं, तेव्हा पहारा बसवून त्याला भडोचला नेलं जातं. कल्याणचं बंदर अडवून ठेवलंय, कारण तिथला माल ज्यांच्याकडे जाईल त्यांच्याशी वैर आहे. त्या सुमाराच्या एका ग्रीक खलाशाच्या वाटाड्या पुस्तकात, 'पेरिप्लस'मध्ये, ही नोंद आहे. बंदर कुणासाठी उघडं आणि कुणासाठी बंद, हे तेव्हाही राजाच ठरवत होता.

आता थोडी वर्षं पुढं सरका. नहपान हरला आहे. त्याचीच नाणी गोळा करून सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी त्यांवर स्वतःची मुद्रा ठोकतोय. राजाच्या चेहऱ्यावर टेकड्यांचं चिन्ह उमटतं आणि तेच नाणं पुन्हा बाजारात धावू लागतं. नहपानाच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा हंडा १९०६ मध्ये जोगलटेंभीला सापडेल, सिन्नर तालुक्यात, गोदावरी आणि दारणेच्या संगमापाशी, आणि त्यातल्या बहुतेक नाण्यांवर ही मुद्रा ठोकलेली असेल. सिन्नर हे नाव लक्षात ठेवा, आपण तिथं परत येणार आहोत.

राज्याच्या अठराव्या वर्षी गौतमीपुत्राचा हुकूम गोवर्धनच्या अमात्याकडे येतो. अपर काखडी गावातलं उषवदाताच्या ताब्यातलं २०० निवर्तनांचं शेत त्रिरश्मीवरच्या संन्याशांना द्यायचं. त्यासोबत परिहार, म्हणजे सवलती. त्या शेतात सैनिकांनी पाय टाकायचा नाही. मिठासाठी कुणी खणायचं नाही. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करायची नाही. सगळ्या प्रकारची मोकळीक. आजच्या भाषेत बोलायचं तर राज्याच्या हद्दीत असूनही राज्याच्या नेहमीच्या नियमांतून सुटलेला तुकडा. विशेष क्षेत्रच.

सहा वर्षं जातात. तुम्ही काखडीच्या वाटेला लागता. आणि शेतात कुणी नाही. नांगर चाललेला नाही. गावात चूल पेटलेली दिसत नाही. परिहार सगळे लागू आहेत, कागद चोख आहे, पण सवलत घ्यायला माणूसच नाही.

चोविसाव्या वर्षी दुसरा हुकूम निघतो. यात राजाबरोबर त्याच्या आईचंही नाव आहे. लेखात सरळ लिहिलंय: दिलेलं शेत कसलं जात नाही, गावात वस्ती नाही, म्हणून आता शहराच्या सीमेवर आमच्या मालकीची जी जमीन आहे तिच्यातली १०० निवर्तनं देत आहोत. परिहार तेच. क्षेत्र पहिल्याच्या निम्मं, पण वस्तीला लागून. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात हे कोरलेलं आहे. एखाद्या राज्यानं आपलीच योजना पडीक राहिली असं दगडावर कबूल केलं, जागा बदलली आणि हे सगळं सहा वर्षांत केलं. मला हा लेख वाचताना दर वेळी त्या अमात्याबद्दल आदर वाटतो, ज्यानं शेत पडीक आहे ही खबर वर पोचू दिली.

इथून पुढची अनेक शतकं आपण भरभर ओलांडू. १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे चढते आणि बैलांचा तांडा मागं पडतो. १९५९ मध्ये आयर्लंडमध्ये शॅनन विमानतळाशेजारी आजच्या अर्थाचं पहिलं मुक्त क्षेत्र उभं राहतं. आपल्याकडे १९६५ मध्ये कांडला, १९७३ मध्ये मुंबईत सांताक्रूझचं सीप्झ. १९८० मध्ये चीन शेनचेनला विशेष क्षेत्र करतो आणि त्याचं यश पाहून जगभरच्या सरकारांना कुंपणाचं आकर्षण वाटू लागतं. शेनचेनला हाँगकाँगचं बंदर शेजारी होतं आणि कामाला येणारी लाखो माणसं होती, हा भाग नकलेत निसटतो. भारतात २००५ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांचा, म्हणजे सेझचा, कायदा होतो आणि १० फेब्रुवारी २००६ पासून लागू होतो.

२००७. सिन्नरहून शिर्डीच्या रस्त्यानं निघा. मुसळगाव, मग आत गुळवंच. पूर्व सिन्नर म्हणजे पावसानं नेहमीच हात आखडलेला भाग. एमआयडीसीनं शेतकऱ्यांकडून जमीन घेतली आहे आणि इथं इंडियाबुल्सचा सेझ होणार आहे, बहुउत्पादनाचा. कायद्यानं त्यासाठी हजार हेक्टरची अट आहे, त्यामुळं कुंपण डोळ्यांत मावत नाही एवढं लांब. चावडीवर, चहाच्या टपरीवर एकच विषय: पोरांना काम लागेल.

कायदा काय देतो ते टपरीवर बसूनच समजून घ्या. कुंपणाच्या आतली जमीन सीमाशुल्कापुरती परदेश मानली जाते. बाहेरून आत आलेल्या कच्च्या मालावर आयात शुल्क नाही. आतून परदेशी गेलेल्या मालावर काही नाही. आयकरात पहिली पाच वर्षं शंभर टक्के सूट, पुढची पाच वर्षं निम्मी. आतल्या घटकांना परवानग्या एकाच अधिकाऱ्याकडून. परिहारांची ही यादी तिसऱ्या लेण्यातल्या यादीपेक्षा लांब आहे, पण जात तीच.

आता जागेवरून हलू नका, फक्त वर्षं पुढं जाऊ द्या. २००८ च्या सप्टेंबरात रायगडमध्ये महामुंबई सेझच्या विरोधात पेणकडच्या २२ गावांत जनमत घेतलं जातं, ती बातमी टपरीवरच्या वर्तमानपत्रात येते. त्याच सुमारास जगात मंदी उतरते, निर्यातीचे कारखाने काढायला कुणी पुढं येत नाही. २०११ च्या अर्थसंकल्पात सेझमधल्या घटकांवर आणि विकासकांवर किमान पर्यायी कर बसतो आणि आयकराची सवलत बरीचशी पोकळ होते. कुंपणाच्या आत औष्णिक वीज प्रकल्पाची धुराडी उभी राहतात: १,३५० मेगावॉट, २७० चे पाच संच. कोळशासाठी रेल्वेचा फाटा. पण वीज घ्यायला करार नाही, म्हणून संच थंड. २०२० नंतर नव्या घटकांना आयकराची सूटच मिळत नाही. वीज कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत जाते. एमआयडीसी पडून राहिलेल्या जमिनीचा मोठा भाग परत घ्यायच्या कारवाईला लागते.

तुम्ही २००७ ला टपरीवर ज्या मुलाला पाहिलं होतं, ज्याच्या कामाची चर्चा होती, तो आता चाळिशीकडे झुकलाय. शेत गेलं, कारखाना आला नाही. गौतमीपुत्राच्या सहा वर्षांची आठवण मला इथं बोचते. या जमिनीला त्याच्या दुपटीहून जास्त काळ गेला. दोष एका कंपनीचा म्हणून थांबणं सोपं आहे, पण त्यानं उलगडा होत नाही. जागा मोठी हवी हे कायद्यानं आधी ठरवलं, उद्योग नंतर शोधले. सवलतीची मुदत दिल्लीत ठरली आणि दिल्लीतच बदलली. शेतकरी फक्त जमीन देणारा राहिला. योजनेत त्याची भागीदारी नव्हती, त्यामुळं ती चालवण्याची धडपडही त्याच्या हातात नव्हती.

आणि हे सगळं घडत असताना मुसळगावातच, हाकेच्या अंतरावर, दुसरं चित्र आहे. १९८० च्या दशकातली सहकारी औद्योगिक वसाहत. सिन्नरमध्ये तिला सगळे 'स्टाईस' म्हणतात. आत शिरा. लहान लहान शेड, लेथचा आवाज, दुपारच्या सुट्टीत डबे उघडलेले कामगार. प्लॉटधारक सभासद आहेत, रस्ता, पाणी, दिवाबत्ती यांची काळजी संस्था घेते, निवडणुका होतात, भांडणंही होतात. शेनचेनशी तुलना करावी असं इथं काही नाही. पण इथं रोज शिफ्टचा भोंगा वाजतो. ज्या तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी विड्या वळून घर चालवलं, तिथं महिन्याच्या पगाराची नोकरी या शेडांनी आणली. गोवर्धनच्या श्रेणींचा वारसा मला कुंपणाच्या आत दिसत नाही. तो इथं दिसतो.

चला, उत्तरेला. दिंडोरी तालुक्यातलं मोहाडी, फेब्रुवारीचा महिना. पहाटे बागेत जा. मांडवाखाली वाकून चालावं लागतं. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून या घडांवर काम चाललंय: विरळणी, डिपिंग, पानकाढणी, प्रत्येक फवारणीची तारखेसह नोंद. बाग 'ग्रेपनेट'वर नोंदलेली आहे. २००६ पासून अपेडाच्या, म्हणजे केंद्राच्या कृषी निर्यात प्राधिकरणाच्या, या व्यवस्थेत प्रत्येक निर्यातक्षम प्लॉटला क्रमांक आहे. रॉटरडॅमच्या दुकानातल्या खोक्यावरून माग काढत यायचं म्हटलं तर थेट या मांडवापर्यंत येता येतं. औषधाचा अंश मर्यादेत असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल असल्याशिवाय कात्री लागत नाही.

ही शिस्त फुकट आलेली नाही. २०१० च्या हंगामात जाऊन बघा. युरोपच्या बंदरात नाशिकचे कंटेनर अडकलेत. क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला आहे, जो तपासायच्या यादीतच नव्हता. पिंपळगावात, ओझरला, खेडगावात एकच चिंता. माल तिकडं सडतोय आणि इथं कर्जाचा हप्ता थांबत नाही. त्या घावातून ज्यांनी एकत्र यायचं ठरवलं त्यांच्यात विलास शिंदे आणि त्यांचे साथीदार शेतकरी होते. 'सह्याद्री फार्म्स' ही शेतकऱ्यांच्याच मालकीची उत्पादक कंपनी त्याच सुमाराला उभी राहिली आणि काही वर्षांत देशातल्या सर्वांत मोठ्या द्राक्ष निर्यातदारांत जाऊन बसली. २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिथं ३१० कोटी रुपये घातले. उषवदाताची तीन हजार कार्षापणं आणि हे ३१० कोटी यांच्यात सुमारे एकोणीसशे वर्षांचं अंतर आहे, पण पैसा कुणाकडे सोपवला गेला हे बघा. इथं पिकवणाऱ्यांच्या संघटनेकडे.

पॅकहाऊसमध्ये शिरताना डोक्यावर टोपी, हात धुवून. आत गार आहे. दिंडोरी, पेठ, सुरगाणा भागातून आलेल्या बायका टेबलांपाशी उभ्या आहेत. घड उचलायचा, प्रकाशात फिरवायचा, खराब मणी कात्रीनं काढायचा, पनेटमध्ये ठेवायचा. मणी सोळा मिलिमीटरच्या वर हवा. हात थांबत नाहीत. एक बाई शेजारच्या नव्या मुलीला सांगते, "मण्यावरची लव पुसू नको गं बाई, बोट लागलं की माल खाली जातो." त्या लवेवर, त्या पांढुरक्या झाकेवर, भाव ठरतो. मग प्री-कूलिंग, खोक्यात सल्फर डायऑक्साइडचा पॅड, आणि शून्याच्या जवळ तापमान धरलेला कंटेनर. सील लागतं. जवळच जानोरीला एचएएल आणि कॉन्कॉरच्या भागीदारीतून उभा राहिलेला डेपो आहे, सीमाशुल्काचं काम जिल्ह्यातच होऊ शकतं. पुढं थळघाट. आणि न्हावा शेवा.

हा काही सेझ नव्हे. सीमाशुल्कापुरता परदेश मानलेली जमीन इथं नाही. इथं आहे प्लॉटचा क्रमांक, प्रयोगशाळा, शीतगृह, घाटातला रस्ता आणि सीलवर विश्वास ठेवणारा खरेदीदार. सहा नद्यांवरच्या फुकट नावा जशा मालाच्या वाटेवरची अडचण काढत होत्या, तशी ही प्रत्येक गोष्ट एकेक अडचण काढते. आणि बाजूच्या बागेतला शेतकरी उद्या निर्यातीत उतरायचं म्हणाला तर त्याच्यासाठीही ती खुली आहे.

तरीही वाट मोकळी राहील याची हमी नसते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोहाडीचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले. ज्या समुद्रातून भडोचला मद्याची पिंपं यायची तोच हा समुद्र. तो तंटा नाशिकच्या हातात नव्हता. दुसरा मात्र आपल्याच घरातला.

८ डिसेंबर २०२३, लासलगाव. ट्रॅक्टरांची रांग बाजार समितीच्या फाटकाबाहेर गेली आहे. ट्रॉलीत लाल कांदा. केंद्रानं ३१ मार्चपर्यंत कांद्याची निर्यात बंद केल्याची खबर पोचली आहे. लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज चढतो पण बोली चढत नाही. मग लिलावच बंद पडतात. उन्हाळ कांदा असता तर चाळीत ठेवून थांबता आलं असतं. हा लाल कांदा टिकत नाही. आज जो भाव मिळेल त्याला द्यायचा किंवा बांधावर ओतायचा. ढाका, दुबई, क्वालालंपूरचे गिऱ्हाईक दुसरीकडे वळतात आणि गिऱ्हाईक एकदा वळलं की हंगामभर परतत नाही.

त्याआधी ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं होतं. मुदतीनंतरही लांबलेली बंदी ४ मे २०२४ ला उठते, पण ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत लागते. सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर येतं आणि १ एप्रिल २०२५ ला जातं. शहरातल्या गरीब घरात कांदा परवडला पाहिजे ही चिंता खोटी नाही. पण एकाच जिल्ह्यात, सिन्नरच्या कुंपणाच्या आत निर्यातीला सगळं माफ आणि आत कुणी नाही. लासलगावच्या फाटकावर निर्यातीचा माल उभा आणि त्यावर शुल्क. मुक्त व्यापाराची सवलत जिथं तिचा खराखुरा वापर झाला असता तिथं द्यायला आपण कचरलो.

शेवटचा मुक्काम किनाऱ्यावर. डहाणू तालुका, वाढवण. उषवदाताच्या यादीतली दाहनुका नदी इथलीच. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये बंदराची पायाभरणी झाली आहे, खर्च ७६,००० कोटींच्या वर. समृद्धी महामार्ग सिन्नर आणि इगतपुरीवरून गेला आहे, ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा सुरू झाल्यावर नाशिकचं पठार आणि किनारा आणखी जवळ आलेत. बंदर झालं की त्याच्यामागे क्षेत्रं, पार्क, गोदामं येतील, आणि पुन्हा नकाशावर कुंपणं आखली जातील. निफाडच्या साखर कारखान्याच्या जमिनीवर ड्राय पोर्टची चर्चा तर कधीची आहे.

वाढवणच्या वाळूवर मच्छीमार उभे आहेत. काळे झेंडे आहेत. त्यांच्या जाळ्यांची जागा बंदराच्या भिंतीखाली जाणार आहे. त्यांना काम मिळेल असं सांगितलं जातंय, जसं गुळवंचला सांगितलं होतं. त्यांच्या शंकेला उत्तर द्यायचं तर ते भाषणातून देता येणार नाही. गुळवंचच्या जमिनीचं पुढं काय केलं, एवढंच उत्तर चालेल.

म्हणून माझी मागणी सिन्नरपासून सुरू होते. परत येईल ती जमीन पुन्हा एकाच मोठ्या हातात द्यायची नाही. ज्यांची शेतं गेली त्यांच्या संस्थेला त्यात हिस्सा हवा, स्टाईससारख्या लहान प्लॉटांना रस्त्यालगतची जागा हवी, एक प्रयोगशाळा, एक प्री-कूलिंग केंद्र आणि सीमाशुल्काची खिडकी आधी हवी, कुंपण नंतर. किती शेड सुरू झाल्या आणि तालुक्यातल्या किती जणांना काम लागलं, हा आकडा दरवर्षी मुसळगाव आणि गुळवंचच्या ग्रामसभेत वाचला जावा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिला जावा. वाढवणमागं होणाऱ्या प्रत्येक क्षेत्राच्या करारातही तेच. आणि सहा वर्षांत नांगर किंवा यंत्र चाललं नाही तर जमीन कुणाकडे जाणार, हे त्या कराराच्या पहिल्या पानावर, मराठीत लिहिलेलं हवं.